रुमाल टाकून धरलेली जागा

आमच्या विभागात विद्यार्थी २४० आणि गणितं-आलेख करायच्या सॉफ्टवेअरचे परवाने २५. हा हिशोब खरेदी समितीपुढे ठेवला, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा कपाळावर नेऊन विचारलं, "सगळी मुलं एकदम बसतात का?"

"नाही, सर."

"मग पंचवीस डोक्यावरून पाणी!"

त्यांचं अगदीच चुकलं असं मला म्हणवत नाही. हे परवाने कुणाच्या नावाचे नसतात, तरंगते असतात. लॅबमधल्या कुठल्याही मशीनवर सॉफ्टवेअर उघडलं की सर्व्हर शिलकीतला एक परवाना देतो, बंद केलं की परत घेतो. जुलै ते सप्टेंबर त्यातले सात-आठसुद्धा कुणी घेत नाही. फक्त सबमिशनच्या आठवड्यात २४० जणांना एकाच दुपारी ज्ञानाची तहान लागते.

"मॅडम, ओपनच होत नाहीये."

हे वाक्य मी झोपेतही ऐकते. पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं की कमाल वापरकर्ते झालेत, थांबा. पण ते वाचायचं असतं हे मुलांच्या गावी नाही. एकाने तर वैतागून अख्खं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला घेतलं होतं. म्हणजे एसटी भरली म्हणून डेपोच पाडायचा.

एसटीचं उगाच नाही म्हटलं. सर्व्हरवर 'एलएमस्टॅट' नावाची आज्ञा दिली की कोण, कुठल्या मशीनवर, किती वाजल्यापासून बसलंय याची यादी येते. पहिल्या दिवशी मी ती वाचली आणि यादी हातात घेऊन लॅबमध्ये गेले. कागदावर तेवीस जण. खुर्च्यांत अकरा. बाकीच्या मशीनवर सॉफ्टवेअर उघडं, समोर एक दप्तर किंवा अर्धी रिकामी पाण्याची बाटली, आणि मालक कॅन्टीनमध्ये. सकाळी नऊ पाचला येऊन, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि मग निवांत मिसळ खायची! हे संस्कार कॉलेजात होत नाहीत, ते घरून येतात.

मग मी कंडक्टर झाले. सर्व्हरला एक ऑप्शन फाइल असते, तिच्यात लिहिता येतं की अमुक वेळ काही काम झालं नाही तर परवाना काढून घे. मी अर्धा तास लिहिला. दोन दिवस रामराज्य होतं. तिसऱ्या दिवशी यादी पुन्हा गच्च आणि खुर्च्या पुन्हा रिकाम्या. एका मशीनपाशी थांबले, तर समोर कुणी नसताना पडद्यावर एक साइन वेव्ह, म्हणजे नागमोडी आलेख, उमटली. दहा मिनिटं उभी राहिले. पुन्हा उमटली.

पोराला बोलावून घेतलं. दर दहा मिनिटांनी एक आलेख काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा, असा पाच ओळींचा प्रोग्राम त्याने लिहिला होता. ज्या 'व्हाइल लूप'साठी, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करवणाऱ्या आज्ञेसाठी, त्याचे सर सत्रभर घसा कोरडा करत होते, तो लूप! इतका नेटका लिहिला होता की ओरडायला आलेली मी थोडी वरमलेच. बंद करायला लावला. पण तोवर तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला होता.

मी ऑक्टेव्ह हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअरही सुचवून पाहिलं. फुकट आहे, हव्या तितक्या मशीनवर टाका, आमच्या प्रयोगांतली बहुतेक गणितं त्यात होतात. शिवाय आम्ही केमिकलवाले, ते तर आमच्या घरचंच. केमिकल रिअ‍ॅक्टरच्या अभ्यासाला जोड म्हणून ते सुरू झालं आणि त्याला नावही ऑक्टेव्ह लेव्हनस्पील या केमिकलच्या प्राध्यापकांचं. हे मी रंगवून सांगितलं. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण मॅडम, जर्नलच्या छापील पानावर दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव आहे. एक्स्टर्नल परीक्षकांनी विचारलं तर?" यापुढे लेव्हनस्पीलही काय बोलणार.

त्यातच कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती आली. विभागप्रमुख सरांनी पाहुण्यांना लॅब दाखवली, ऐटीत खुर्ची ओढली, सॉफ्टवेअरवर दोनदा टिचकी मारली आणि पडद्यावर आलं, कमाल वापरकर्ते झालेत. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या शिपाई सावंतमामांकडे पाहिलं. सावंतमामांनी चहाच्या ट्रेकडे पाहिलं.

मला घाम फुटला, कारण सरांसाठी दोन जागा मीच राखून ठेवल्या होत्या, सत्राच्या सुरुवातीला. यादीत ती ओळ रोज दिसायचीही: दोन परवाने राखीव. संध्याकाळी फाइल उघडली. सरांचं नाव मी आदराने, इंग्रजी मोठ्या लिपीत लिहिलं होतं. सर लॉगिन करतात ते छोट्या लिपीत. आणि त्या फाइलला मोठी लिपी वेगळी, छोटी वेगळी. म्हणजे अख्खं सत्र दोन जागा अशा माणसासाठी राखीव होत्या जो अस्तित्वातच नाही. एसटीत आमदारांसाठी सीट असते ना, तशाच. फरक इतकाच की तिथे आमदार आले नाहीत तर निदान कुणीतरी बसतं. इथे मी पोरांच्या बाटल्या उचलत फिरत होते, आणि सगळ्यांत मोठा रुमाल माझाच.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मला कशाला हवं होतं ते? मी एक्सेलमध्ये करतो."

रात्री सगळे गेल्यावर ओळ उडवली, सर्व्हर बंद करून चालू केला. सकाळी नऊ दहाला यादी पाहिली, तर पंचवीसपैकी पंचवीस. लॅबमध्ये डोकावले. माणूस एकही नाही. पहिल्या रांगेत एका पडद्यावर साइन वेव्ह उमटली, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या.