परतीची तयारी न करण्याची रीत

परदेशी जायला निघताना माणूस जितका सावध असतो, तितका तो एरवी क्वचितच दिसतो. पासपोर्टच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या जातात, बॅग घरच्या काट्यावर दोनदा चढते आणि विमानतळावर पोहोचण्याची वेळ ठरवताना वाटेतल्या संभाव्य भूकंपाचाही विचार झालेला असतो. ही सारी सावधगिरी जातानाच संपवून टाकावी, परतीसाठी त्यातली चिमूटभरही राखून ठेवू नये. शेवटी घरीच तर यायचे आहे, आणि आपल्याच घरी येण्यासाठी तयारी करणे हे जरा कमीपणाचेच दिसते. ज्यांना हे तत्त्वतः पटले आहे, पण त्याची नीट अंमलबजावणी जमत नाही, त्यांच्या सोयीसाठी ही थोडी माहिती.

आरंभ तिकिटापासून करावा. परतीचे तिकीट स्वस्तात स्वस्त असावे आणि ते शक्यतो दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे जोडून स्वतःच्या कल्पकतेने तयार केलेले असावे. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिले विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकल्यास तुम्हाला मुक्कामी पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि स्वाभिमानी प्रवाशाने कोणाचे असे उपकार का घ्यावेत? दोन सुट्या तिकिटांची शान वेगळी आहे. पहिली कंपनी म्हणते की आम्ही तुम्हाला ठरल्या ठिकाणी आणून सोडले. दुसरी म्हणते की तुम्ही ठरल्या वेळी आला नाहीत. दोघींचेही म्हणणे खरे असते, त्यामुळे वाद घालण्याचा त्रासच उरत नाही. शिवाय अशा तिकिटांवर सामान बहुधा थेट पुढे जात नाही. ते मधल्या विमानतळावर पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करावे लागते, त्यासाठी त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो आणि प्रवेशासाठी कदाचित व्हिसाही लागतो. ही साखळी आधी वाचून समजून घेण्यापेक्षा त्या देशाच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहून, मागे रांग खोळंबलेली असताना समजून घेतली, तर ती जन्मभर लक्षात राहते.

सामान बांधण्याचे काम निघण्याच्या आदल्या रात्री जेवणानंतर सुरू करावे. जाताना ज्या बॅगेत सारे मावले होते, त्याच बॅगेत तेच कपडे आता मावत नाहीत, हा शोध तेव्हाच लागतो, आणि भेटवस्तूंचा ढीग तर अजून खुर्चीवरच असतो. बॅग मात्र तोलू नये. पुष्कळ कंपन्या एका बॅगेला 23 किलोंची मुभा देतात; तो आकडा सज्जनांमधला एक ढोबळ समझोता आहे असे मानून चालावे आणि काउंटरवर काटा 29 दाखवू लागला की त्या काट्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घ्यावी. एका नगाचे वजन 32 किलोंपुढे गेले, तर जादा पैसे मोजूनही ती बॅग सहसा घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसांनाही पाठ असते. असल्या क्षुल्लक कारणाने खचून न जाता तिथेच जमिनीवर बॅग उघडावी, अंतर्वस्त्रांचे जाहीर प्रदर्शन मांडावे, दोन कोट अंगावर चढवावेत आणि जड पुस्तके कुटुंबातल्या सर्वांत गरीब स्वभावाच्या माणसाच्या पिशवीत घालावीत. एकूण वजन तेवढेच राहते, फक्त त्याचे वाटप अन्यायकारक होते.

या उलथापालथीत पॉवर बँक हटकून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवावी. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानकक्षात न देता स्वतःजवळ बाळगाव्यात असा नियम आहे. प्रवाशांच्या कक्षात बॅटरीने पेट घेतला तर कर्मचारी धावून येऊ शकतात, खाली सामानात घेतला तर हात पोहोचत नाही, असे त्याचे साधे कारण आहे. नियम इतका समंजस असल्यामुळे तो मोडण्यात वेगळाच आनंद आहे. तपासणीत ती सापडली की बॅग बाजूला काढली जाते, आणि तुमचे नाव विमानतळभर, बहुतेक चुकीच्या उच्चारात, पुकारले जाते.

द्रव पदार्थांच्या बाबतीत तर अज्ञान जपावेच लागते. ऑगस्ट 2006 मध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला आणि त्यानंतर हातातल्या सामानातील बाटल्यांवर 100 मिलिलिटरची मर्यादा आली. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे ती आता सैल होत आहे. म्हणून जाताना जिथे ती सैल आढळली, त्या अनुभवाच्या जोरावर येताना दुसऱ्या विमानतळावर हुज्जत घालावी. मर्यादा बाटलीच्या आकाराला लागू असते, आतल्या ऐवजाला नव्हे, हेही विसरावे आणि 200 मिलिलिटरच्या बाटलीत तळाला उरलेल्या अत्तरासाठी प्राणपणाने लढावे. याहून वरचा डाव ड्यूटी फ्री दुकानात खेळता येतो. तिथे घेतलेली मोठी बाटली पावतीसह मोहोरबंद पिशवीत घालून देतात, आणि मधल्या विमानतळावरच्या तपासणीपर्यंत ती मोहोर शाबूत असावी अशी अपेक्षा असते. तेव्हा विमानात बसल्या बसल्या, नुसता वास कसा आहे ते पाहण्यासाठी, पिशवी फाडावी. पुढच्या तपासणीत बाटली कचरापेटीत जाते, पावती मात्र तुमच्याकडेच राहते.

विमानात फारसे काही करायचे नसते, आणि तेच मन लावून करावे. केबिनमधला हवेचा दाब सुमारे 6,000 ते 8,000 फूट उंचीवरच्या डोंगरासारखा असतो आणि आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्या खाली उतरते, म्हणून पाण्याला नकार देऊन फुकटची वाइन घेत राहावे. चार तासांहून लांबच्या प्रवासात पाय न हलवता बसून राहिल्याने शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. पण शेजाऱ्याला उठवणे बरे दिसत नाही, आणि सभ्यपणापुढे शिरांचे काय! परतीचा प्रवास जाण्यापेक्षा छोटा भासतो, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय संशोधनात आढळले होते. त्यात भाग घेतलेल्यांनी वरील मार्गदर्शन पाळले नसावे. चाके जमिनीला टेकताच मात्र सारा आळस झटकून उठावे आणि दार उघडेपर्यंत वरच्या कप्प्याखाली मान वाकडी करून तिष्ठत राहावे. एवढ्या तासांत जो व्यायाम झाला नाही, तो इथे होतो.

रजा अशी बेतावी की विमान पहाटे उतरेल आणि कार्यालय सकाळी उघडेल. शरीरातल्या घड्याळाला नव्या वेळेशी जुळायला वेळेतल्या फरकाच्या दर तासामागे साधारण एक दिवस लागतो, आणि हे घड्याळ बहुतेकांमध्ये 24 तासांहून किंचित सावकाश चालत असल्याने पूर्वेकडचा प्रवास पश्चिमेकडच्यापेक्षा अधिक सोसावा लागतो. तुम्ही पूर्वेकडे परतत असाल, तर पहिल्याच दिवशी महत्त्वाची बैठक ठेवावी, आकडेमोड स्वतः करावी आणि मोठे निर्णय दुपारी तीनच्या सुमारास घ्यावेत. रात्री टक्क डोळ्यांनी जागे असताना ते निर्णय आठवायला भरपूर वेळ मिळतो.

राहिली ती बॅग. ती आली असेल तर चाक तुटले आहे का, कड फुटली आहे का, हे विमानतळावर पाहू नये. थकलेल्या माणसाने असला संशयीपणा करू नये. 1999 च्या माँट्रियल करारानुसार, सोपवलेल्या सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून 7 दिवसांच्या आत द्यावी लागते. बॅग कोपऱ्यात तशीच उभी ठेवावी, येता-जाता तिला ठेचकाळावे, मळक्या कपड्यांचा विषय निघाला की आवाज चढवावा, आणि आठव्या दिवशी ती उघडून आतल्या फुटक्या वस्तू पाहिल्या की विमान कंपनीला अतिशय कडक शब्दांत पत्र लिहायला घ्यावे.