अपग्रेड फी म्हणजे सरकारी कर नव्हे

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय: नवा फोन घेतला की बिलात लागणारी ‘अपग्रेड फी’ हा सरकारी कर आहे, तेव्हा दुकानदाराशी वाद घालू नका.

हे साफ चुकीचं आहे. ही फी मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीची स्वतःची. ती किती लावायची, कोणाला माफ करायची, हे कंपनीच ठरवते. एटी अँड टी या मोबाइल कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये ती १८ डॉलरवरून थेट ३६ वर नेली. व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ३० डॉलरची फी सुरू केली आणि कारण काय दिलं, तर ग्राहकांसाठीच्या कार्यशाळा आणि तज्ज्ञांचा सल्ला! घ्या आता.

घोळ होतो तो बिलाच्या मांडणीमुळे. विक्रीकर आणि ९११ चा (म्हणजे आणीबाणीच्या फोन नंबरचा) अधिभार खरोखरच सरकारी. पण ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह चार्ज’ नावाची ओळ त्यांच्या आसपासच असते, आणि तीही कंपनीचीच. ‘युनिव्हर्सल सर्व्हिस’चा (सर्वांपर्यंत फोनसेवा पोचवण्याच्या निधीचा) आकारसुद्धा ग्राहकाकडून वसूल करायची कंपन्यांना मुभा आहे, सक्ती नाही.

तेव्हा फी माफ करा म्हणून खुशाल विचारा. मिळेलच असं नाही. अनलॉक्ड, म्हणजे कुठल्याही एका कंपनीशी न बांधलेला, फोन बाहेरून घेऊन जुनं सिम आपणच त्यात घातलं, तर ती सहसा लागतच नाही.

आणि ओरडून उपयोग नाही म्हणणाऱ्यांसाठी: ऑनलाइन बिल भरण्यावर २ डॉलर लावायची व्हेरायझनची घोषणा २९ डिसेंबर २०११ ची. ग्राहक खवळले, ३० तारखेला ती मागे घेतली.