तळघरातला सहावा गडी

आमच्या कॅन्ससमध्ये माणसं दोन प्रसंगी तळघरात उतरतात. टोर्नॅडोचा भोंगा वाजला की सगळीच, आणि मार्च महिन्यात कॅन्सस विद्यापीठाची बास्केटबॉलची मॅच सुरू झाली की मी एकटा. भोंगा निदान थोड्या वेळात थांबतो. मॅच जाहिराती धरून दोन-अडीच तास चालते.

कारण असं की मी पनवती आहे. निदान आमच्या घरातला बहुमताचा निर्णय तसा आहे. मतदार एकूण तीन, त्यातला आरोपी मी.

बायकोनं एमएस केलं ते लॉरेन्सला, कॅन्सस विद्यापीठात. ओव्हरलँड पार्कमधल्या आमच्या घरापासून के-टेन हायवेनं पाऊण तास. त्यामुळे लॉरेन्स हे तिचं अमेरिकेतलं माहेर आणि 'जेहॉक्स' ही टीम म्हणजे माहेरची माणसं. माहेरच्या माणसांना नावं ठेवायची नसतात, हे मला डोंबिवलीहून निघतानाच आईनं बजावलं होतं. माहेरची माणसं हरली तर दोष जावयाचा, हे मात्र इथे आल्यावर कळलं.

जेहॉक नावाचा पक्षी जगात कुठेही नाही. निळं अंग, लाल डोकं, पिवळी चोच आणि पायात चक्क बूट. तो आमच्या फ्रिजवर आहे, पायपुसण्यावर आहे, गाडीवर आहे. देव्हाऱ्यात अजून नाही, पण मार्चमध्ये गणपतीच्या मागे एक निळा टी-शर्ट घडी करून ठेवलेला मी पाहिला आहे.

या मार्चचं थोडं सांगायला हवं. देशभरातल्या कॉलेजांच्या ६८ टीम निवडतात, चार गट पाडतात आणि गटात १ ते १६ असं मानांकन देतात. एकदा हरलात की बॅग भरायची. साखळी नाही, नेट रन रेट नाही, 'पुढची जिंकलो तर' नाही. तीन आठवड्यांत ६७ मारून एक उरतो. कॅन्ससला बहुतेक वेळा वरचं मानांकन असतं, म्हणजे ज्यांच्याशी हरणं शक्यच नाही अशांशी पहिली गाठ पडते. आणि तिथेच माझं आरोपपत्र सुरू होतं.

कलम पहिलं, २००३. अंतिम सामना, समोर सिरॅक्यूज, ८१-७८ असा पराभव. आमच्या लोकांना ३० फ्री थ्रो मिळाले, त्यातले १८ चुकले. समोर कुणी आडवा नाही, घाई नाही, कडेवरच्या पोरानंही टाकावेत असे बॉल. मी त्या वेळी डोंबिवलीत, फास्ट लोकलच्या दारात लटकलेला. पण बायकोचं म्हणणं, "साखरपुडा झाला होता ना मार्चमध्ये?"

२००५. मी अमेरिकेत येऊन जेमतेम वर्ष. सोफ्यावर बसून आयुष्यातली पहिली 'मार्च'ची मॅच बघितली. समोर बकनेल नावाचं कॉलेज, मानांकन १४. त्यांनी तोवर या स्पर्धेत एकही मॅच जिंकलेली नव्हती. ६४-६३ ने जिंकली. मी सहज म्हणालो, "चांगले खेळले की हे." पुढचे दोन दिवस घरात पिठलं-भात होता.

२००६ ला ब्रॅडली, मानांकन १३. पुन्हा पहिल्याच फेरीत. मी त्याच सोफ्यावर.

२००८ ला पुतण्याची मुंज होती. बायकोला रजा मिळेना, चिरंजीव दोन वर्षांचे, म्हणून मी एकटाच डोंबिवलीला गेलो. दादाच्या घरी सकाळी नऊच्या सुमारास खालती बसून नारळ मोजत होतो आणि फोन वाजला. पलीकडून नुसतं रडणं. मला वाटलं, पोरगं जिन्यावरून पडलं. थोड्या वेळानं शब्द फुटला, "जिंकलो!" मेम्फिसविरुद्ध शेवटची दोन मिनिटं उरली असताना आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. मग २.१ सेकंद बाकी असताना मारिओ चामर्सनं लांबून बॉल भिरकावला, तो आत गेला, बरोबरी झाली आणि जादा वेळात ७५-६८. वीस वर्षांनी विजेतेपद. फोन ठेवताना बायको सहज बोलल्यासारखी म्हणाली, "तू तिकडे आहेस ते बरंच झालं." मी मोजलेले नारळ विसरलो आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

तिथून पुढे हे प्रकरण वैज्ञानिक पातळीवर गेलं. २०१०, देशात अव्वल मानांकन, आणि नॉर्दर्न आयोवानं दुसऱ्या फेरीत घरी पाठवलं. मी सोफ्यावर. २०११, व्हर्जिनिया कॉमनवेल्थ नावाची, जेमतेम स्पर्धेत शिरलेली टीम. मी सोफ्यावर. मी बाजू मांडून बघितली की या दोन्ही वर्षी ओबामांनी जाहीरपणे कॅन्सस जिंकणार असं भाकीत केलं होतं, त्यांची आई कॅन्ससची, तेव्हा दोष द्यायचा तर व्हाइट हाऊसला द्या. बायको म्हणाली, "ते काय आपल्या सोफ्यावर बसतात का?"

२०१७ ला सामना कॅन्सस सिटीतच होता, घरापासून अर्ध्या तासावर. कंपनीतून तिकिटं मिळाली, म्हणून मी प्रत्यक्ष गेलो. ओरेगॉननं ७४-६० धुतलं. सगळं मैदान निळं, आमच्याच लोकांनी भरलेलं, आणि परतताना गाडीत जी शांतता होती ती मी फक्त स्मशानातून परतणाऱ्या टेम्पोत अनुभवली आहे.

आणि २०२०. टीम २८ विजय, ३ पराभव, क्रमवारीत पहिली. मी उत्साहानं जाहीर केलं की या वर्षी पासष्ट इंची टीव्ही घेऊ आणि सगळ्या मॅच बघू. टीव्ही मंगळवारी आला. गुरुवारी करोनामुळे अख्खी स्पर्धाच रद्द झाली. चिरंजीव तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं त्यात जागतिक महामारीचीही थोडी जबाबदारी होती.

तरी तोवर पुरावा सगळा परिस्थितिजन्य होता. गुन्हा रंगेहाथ पकडला गेला तो ४ एप्रिल २०२२ ला.

न्यू ऑर्लिन्समध्ये अंतिम सामना, समोर नॉर्थ कॅरोलायना. मध्यंतराला आम्ही ४०-२५ असे मागे. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्याच वेळी तळघरातल्या ड्रायरनं भोंगा दिला. मी म्हटलं, कपडे काढून येतो, नाहीतर चुरगळतील. एवढंच. हेतू शुद्ध होता.

खाली तिसऱ्या टॉवेलची घडी घालताना वरून पहिली आरोळी आली. इथली घरं लाकडी, वर कुणी टाच आपटली तरी खाली कळतं. पाचव्या टॉवेलला दुसरी. मोज्यांच्या जोड्या लावायला घेतल्या तेव्हा छत हादरायला लागलं होतं. मी हातात एक मोजा घेऊन जिना चढलो. चार पायऱ्या राहिल्या असतील, तोच वरून दोघं एका सुरात ओरडली, "खाली जा!" बायकोनं वरून दार लावून घेतलं. मी ऐकलं, कडीसुद्धा लागली.

मग मी ती मॅच छताकडे बघत ऐकली. दोन उड्या म्हणजे दोन गुण, तीन उड्या आणि किंकाळी म्हणजे तीन. चिरंजीवांच्या उड्या जड, बायकोच्या हलक्या पण जास्त वेळ टिकणाऱ्या. एकदा सगळं गप्प झालं ते कितीतरी वेळ. नंतर कळलं, ४.३ सेकंद बाकी असताना आमच्या गड्याचा पाय रेषेबाहेर पडला होता आणि बॉल त्यांच्याकडे गेला होता. मी त्या वेळात घडी केलेले सगळे कपडे उलगडले आणि पुन्हा घातले. मग वर जे कोसळलं त्यानं दिव्याचं झाकण निसटलं. ७२-६९. अंतिम सामन्याच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पुनरागमन, आणि मी ते टॉवेलांच्या हिशेबानं सांगू शकतो.

दार उघडलं गेलं. बायकोनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "तू कायम खालीच राहत जा."

त्याच रात्री तिनं दादाला फोन करून बातमी दिली. दादानं विचारलं नसताना सांगून टाकलं की १९८३ च्या फायनलला मी अकरा वर्षांचा होतो आणि पूर्णवेळ इमारतीच्या गच्चीवर अँटेना धरून उभा होतो. खालून सारखं चालू, "आलं, आलं! तसाच धर! हलू नकोस!" कपिलनं मागे पळत जाऊन रिचर्ड्सचा कॅच घेतला तेव्हा मला दिसत होता फक्त शेजारच्या इमारतीचा टाकीचा नळ. बायकोनं फोन ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे हे जन्मापासूनचं आहे."

तळघरात वेळ भरपूर असतो. ड्रायरला पन्नास मिनिटं लागतात. मी वकील करायच्या ऐवजी स्वतःच केस लढवायची ठरवली आणि टीमचा इतिहास वाचायला घेतला. मुद्दा एकच सिद्ध करायचा होता, की या घराण्याची साडेसाती माझ्या आधीची आहे.

आणि काय सांगू, मूळपुरुषापासून सुरुवात होते! बास्केटबॉल हा खेळच ज्यांनी १८९१ मध्ये पीचची टोपली व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकून शोधून काढला, ते जेम्स नेस्मिथ १८९८ ला लॉरेन्सला आले आणि कॅन्ससचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांचा हिशेब ५५ विजय, ६० पराभव. कॅन्ससच्या एवढ्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला एकच माणूस, तो म्हणजे खेळाचा जनक. चकलीचा शोध लावणाऱ्या बाईच्याच चकल्या तेलात विरघळाव्यात तसं. त्यांनी हातानं दुरुस्त्या केलेले मूळ तेरा नियम २०१० ला लिलावात ४३ लाख डॉलरला गेले. एका माजी विद्यार्थ्यानं ते घेतले आणि आता ते लॉरेन्सला काचेत आहेत. बायको दरवर्षी तिथे नेते. मी काचेजवळ उभं राहायचं नाही, असा नियम आहे. तो चौदावा.

पुढे फॉग अॅलन आले. आवाज जहाजाच्या भोंग्यासारखा, म्हणून नाव 'फॉग'. मैदानाला आज त्यांचंच नाव आहे. त्यांनी टीमला १९५२ चं विजेतेपद मिळवून दिलं. पण सगळ्यात गोड भाग १९२२ आणि १९२३ चा आहे. त्या काळी ही स्पर्धाच नव्हती, ती १९३९ ला सुरू झाली. नंतर एका संस्थेनं मागच्या वर्षांचे विजेते बसून ठरवले आणि कॅन्ससला ही दोन विजेतेपदं पूर्वलक्षी प्रभावानं बहाल केली. माझे वडील मंत्रालयात होते, त्यांना हे ऐकून केवढा आनंद झाला असता. तसंच काढूनही घेता येतं. २०१८ ला आम्ही सेमी फायनलपर्यंत गेलो, व्हिलानोव्हानं ९५-७९ बदडलं. पाच वर्षांनी चौकशीचा निकाल आला आणि त्या सीझनचे १५ विजय, सेमी फायनलसकट, नोंदीतून वगळले. मी लगेच अर्ज केला, की जी मॅच झालीच नाही ती मी बघितली हा आरोपही वगळा. फेटाळला.

माझा हुकमाचा एक्का होता १९५७. तेव्हा टीममध्ये विल्ट चेंबरलेन होता, सात फूट एक इंच. अंतिम सामना कॅन्सस सिटीत, म्हणजे अंगणातच. समोर नॉर्थ कॅरोलायना. सुरुवातीला दोघांच्या मध्ये बॉल वर उडवतात, त्या उडीसाठी त्यांच्या कोचनं विल्टसमोर मुद्दाम पाठवला पाच फूट अकरा इंचाचा गडी. चेष्टाच. पण विल्टभोवती माणसं उभी करून सामना तीन वेळा जादा वेळात नेला आणि ५४-५३ ने जिंकला. हरूनही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू विल्टच ठरला. माझा जन्म १९७२ चा. यापेक्षा भक्कम पुरावा काय असतो?

साक्षीदार म्हणून मी शेजारच्या आजोबांना बोलावलं. ते लॉरेन्सचे जुने विद्यार्थी, ५७ ची मॅच त्यांनी आठव्या वर्षी रेडिओवर ऐकलेली. बायकोनं त्यांना चहा आणि शंकरपाळे दिले. मी म्हटलं, "सांगा हिला, तेव्हा कुणाची पनवती होती?"

आजोबांनी शंकरपाळा बशीत परत ठेवला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिसऱ्या जादा वेळात मी पाणी प्यायला उठलो होतो. वडील ओरडले होते, जागेवरून हलू नकोस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

पासष्ट वर्षं! बायकोनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझा साक्षीदार माझ्या डोळ्यांदेखत आरोपी झाला आणि पनवतीच्या सिद्धांतावर शिक्कामोर्तब करून, उरलेले शंकरपाळे डब्यात घालून घेऊन गेला.

मार्च २०२३. गतविजेते, पहिलं मानांकन, दुसऱ्या फेरीत अर्कन्सॉ. मी मॅचच्या आधीपासून तळघरात, इस्त्रीसुद्धा लावलेली. शेवटी वरून काहीच ऐकू येईना. एका गुणानं गेलो, ७२-७१. आणि मला काय झालं कोण जाणे, मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळालो आणि हात वर करून ओरडलो, "मी खाली होतो! मी निर्दोष आहे!" त्या संध्याकाळी सगळ्या कॅन्ससमध्ये हसणारा माणूस मी एकटाच असेन. बायको टीव्हीकडे बघत होती. टीव्हीवर अर्कन्सॉचा कोच टेबलावर चढून अंगातला शर्ट काढत होता.

चिरंजीवांनी मान न वळवता विचारलं, "बाबा, खाली फोन होता तुझ्याकडे?"

होता.

"स्कोअर बघितलास?"

एकदाच. शेवटच्या मिनिटाला. ओझरता.

२०२४ ला फोन पिठाच्या डब्यात गेला. गोन्झागानं ८९-६८ हरवलं. त्यावर निष्कर्ष असा, की मला वरच्या आवाजावरून अंदाज येतो. २०२५ पर्यंत चिरंजीव स्वतः लॉरेन्सला शिकायला गेले होते. पहिल्याच फेरीत पुन्हा अर्कन्सॉ. त्यांचा होस्टेलवरून फोन आला, "आई, बाबा कुठे होता?" आई म्हणाली, "तळघरातच. पण तळघर कॅन्ससमध्येच येतं ना रे."

परवा तिनं माझं तिकीट काढलं. मार्चच्या मध्यात जायचं, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परत. मी दादाला कळवलं. त्याला खूप आनंद झाला. "ये, ये, पुरणपोळ्या करू, वहिनी वाटच बघतेय." मग जरा थांबला.

"मार्चअखेर आयपीएल सुरू होतं ना रे," तो म्हणाला. "गच्चीवर आता पत्रे घातलेत. खुर्ची टाकून देतो. रात्री छान वारा येतो तिथे."