कोणाचा रे तू?

आमच्या वऱ्हाडात नवं माणूस दिसलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "कोनाचा व्हय रे तू?" त्याचं उत्तर मिळालं की लगेच दुसरा, "मंग काय करून राह्यला सध्या?" एसटीत, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, मयतीत, कुठेही. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण अर्धं आयुष्य मी या दोन प्रश्नांना भीत जगलो. आज त्याबद्दलच लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

"कोणाचा" या एका शब्दात आडनाव, जात, वाडा, शेत, सोयरीक सगळं येतं. आमच्याकडे त्यातलं सांगण्यासारखं काही नव्हतं. माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणायची, रस्त्याच्या कडेला सापडलेलं पोर. मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. आईबाप कोण, गाव कोणतं, त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं. नाव मिळालं ते बाप्तिस्म्याच्या वेळी, आणि आमची वंशावळ तिथूनच सुरू होते.

सहावीत असताना शाळेत कसलासा फॉर्म भरायचा होता. गुरुजींनी मला उभं केलं आणि विचारलं, "किरिस्ताव ते ठीक, पण मूळचे कोण तुम्ही?" अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला खरंच माहीत नव्हतं. त्यात बाबा कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात ड्रेसर. दिवसभर जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. माझ्या बाटलीतलं पाणी कोणी पीत नसे. बाबांच्या हातचं जेवण वाढलेलं ताट मी स्वतःही कधी कधी बाजूला सारलं आहे. हे लिहिताना आजही गलबलून येतं.

एकोणिसाव्या वर्षी पुण्याला पळालो. कंपनीत लागलो. तिथे कोणी "कोणाचा" विचारत नाही, गेटवर कार्ड दाखवलं की झालं. मला वाटलं, सुटलो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कंपनीने ज्यांना घरी पाठवलं त्यांत मीही होतो. बायको-लेकरांना घेऊन अचलपूर तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो आणि आल्या दिवसापासून दुसरा प्रश्न सुरू झाला. काय करून राह्यला? काहीच करून राहिलो नव्हतो. सकाळी उठायचं, मोबाईल बघायचा, दुपारी झोपायचं. रविवारी भक्तीला जायचो, कारण आई जायची. तोंडाने गीतं म्हणायचो, आत काही हलत नव्हतं. २०२१ च्या जानेवारीत बाबा गेले.

त्यानंतर महिनाभराने, एका शनिवारी सकाळी, एक म्हातारा सायकल ढकलत आला आणि आमच्या ओट्यावर बसला. गळ्यात तुळशीची माळ. मला बघून विचारलं, "कोनाचा व्हय रे तू?"

"ड्रेसरबाबूंचा पोरगा."

"मंग बाबूजीले आवाज दे ना बाप्पा."

बाबा निवृत्तीनंतर दर शनिवारी घरच्या ओट्यावर चार-पाच जणांचे पाय धुऊन द्यायचे, हे मला ऐकून माहीत होतं. पुण्यात बसून त्याची कधी चौकशी केली नव्हती. मी सांगितलं, बाबूजी गेले. म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मले कोनं सांगतलंच नाई." आणि उठायला लागला. तेवढ्यात आई घमेलं घेऊन बाहेर आली. म्हणाली, बसा आबाजी. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, पाणी तापव.

मी पाणी आणलं. आबाजी म्हणाले, "तूच हात घालून पाह्य कोमट हाये का. मले समजत नाई ना, कढत का थंडं ते." त्यांनी चपला काढल्या. वास आला. मी खांद्यावरचा दुपट्टा नाकाला बांधला. त्यावर ते रागावले नाहीत, साधंच म्हणाले, "तुये बाबूजी नाक बांधत नव्हते." आईने काही न बोलता माझ्या तोंडावरची गाठ सोडली आणि दुपट्टा माझ्या मांडीवर टाकला. "पाय पुसायला लागतो हा."

वीस मिनिटं पाय पाण्यात. मग घट्टा नरम होऊन पांढरा पडतो, तो वजरीने हळूहळू घासायचा. चवड्याखाली रुपयाएवढी जखम होती. तिच्या शेजारी घट्ट्याखाली काळा ठिपका दिसला. मला वाटलं मळ असेल. चिमट्याने धरून ओढलं तर बाभळीचा काटा निघाला, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. किती दिवसांपासून आत होता कोण जाणे. मी ओरडलो, आबाजी मात्र शेजाऱ्याच्या पायातला काटा बघावा तसे बघत होते. "दुखत नाई रे पोरा," ते म्हणाले, "हेच तं दुखनं हाये." मग पाय दुपट्ट्याने कोरडे केले, खोबरेल लावलं, धुतलेल्या धोतराची पट्टी बांधली. माझे हात थरथरत होते. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोटं वाकलेली, तीनच शिल्लक.

त्या रात्री बाबांचं पवित्र शास्त्र काढलं. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. येशू शिष्यांचे पाय धुतो, ही गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. पण त्याच्या आधीचं वाक्य मी कधी नीट वाचलंच नव्हतं. तिथे लिहिलंय की आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जाणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, म्हणून तो भोजनावरून उठला आणि कंबरेला रुमाल बांधला. म्हणजे आपण कोणाचे हे आधी पक्कं झालेलं होतं. ज्याला ते पक्कं आहे त्याला दुसऱ्याच्या पायाशी बसताना काही गमावल्यासारखं वाटत नाही. यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो, मी तुला नाव घेऊन हाक मारली, तू माझा आहेस. सहावीच्या वर्गात उभ्या असलेल्या त्या पोराला हे उत्तर कोणी सांगितलं असतं तर! खरं म्हणजे बाबा रोज सांगत होते, माझंच लक्ष नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आपल्या ख्रिस्ती मंडळींनाच आधी बोलतो, कारण ते माझे आहेत. आपण विश्वासाची आणखी एक जात करून ठेवली आहे. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाला पाळकसाहेब, नाताळचा कंदील, कब्रस्तानात जागा, झालं. "आम्ही ख्रिस्ती" हे आपण आडनावासारखं सांगतो. मीही तसंच सांगत आलो. बाप्तिस्म्याने माझ्या पणजोबांना नाव दिलं, ते मिरवायला नव्हतं. रस्त्यावर पडलेलं पोर कोणीतरी उचललं म्हणून आम्ही आहोत. ज्यांना उचललं त्यांनी उचलायला जायचं, एवढी साधी गोष्ट तीन पिढ्यांत आम्ही विसरलो. बाबा तेवढे विसरले नव्हते.

दुसरं, जे मला तोंडावर विचारलं जातं. "तुम्ही हे धर्म वाढवायले करता ना?" प्रश्न कडू आहे, पण विचारणाऱ्यावर माझा राग नाही. माझं उत्तर लूकच्या सतराव्या अध्यायात आहे. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले. परत येऊन पाया पडला तो एकच, आणि तोही परका, शोमरोनी. उरलेले नऊ आलेच नाहीत. येशूने त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही. अट घालून केलेली सेवा हा सौदा आहे, आणि माझ्या प्रभूने सौदा केल्याचं मला तरी कुठे आढळलेलं नाही. आबाजी वारकरी आहेत. लहानपणी त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलंय. पाय भिजत असतात तेव्हा ते भजन म्हणतात, मी ऐकतो. त्यांची माळ काढावी असं कधी मनातही आलं नाही.

आणि सेवेचा मक्ता ख्रिस्ती लोकांकडे आहे असं मी म्हणत नाही, आपल्या विदर्भात बसून तर कोणालाच म्हणता येणार नाही. सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत होते. कुष्ठरोग्यांसाठी वर्ध्याजवळ मनोहर दिवाणांनी दत्तपूर उभं केलं, अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन, वरोऱ्याजवळ बाबा आमटेंनी आनंदवन. त्यांच्यापुढे माझा ओटा तो काय! आणि ख्रिस्त परदेशी आहे असं म्हणणाऱ्यांना इतकंच सांगतो, ना. वा. टिळकांच्या हातात शुभवर्तमान पडलं ते नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. आमच्या मंडळीत आजही त्यांची गीतं टाळ-पेटीवर होतात.

मग कोणी म्हणेल, सेवा कोणालाही करता येते तर ख्रिस्त कशाला? हा प्रश्न मला रास्त वाटतो. इतरांचं मी सांगू शकत नाही, माझं सांगतो. पहिल्या वर्षी मी ओट्यावरचे फोटो इथेच टाकायचो. शेकडो लाइक यायचे, पुण्याचे जुने मित्र "सलाम भावा" लिहायचे. मला वाटलं, सापडलं आपल्याला आपण कोण ते. एका शनिवारी आबाजींच्या नातवाने त्यांना मोबाईल दाखवला. ते मला एवढंच म्हणाले, "माया पायाचा फोटो काऊन काढला बापू?" मी त्यांच्या जखमेवर माझी ओळख उभी करत होतो. सगळे फोटो काढून टाकले. पुढचे काही आठवडे बसावंसंच वाटेना, कारण कोणी बघत नव्हतं. तेव्हा कळलं, कोणीतरी होण्यासाठी मी हे करत राहिलो तर लवकरच संपेन. आधीच कोणाचा तरी झालेला माणूस ते वर्षानुवर्षं करू शकतो. माझे बाबा तसे होते. मला ख्रिस्त लागतो तो यासाठी.

थोडं रोगाबद्दल, कारण गैरसमज अजून फार आहेत. आबाजींचा कुष्ठरोग केव्हाच बरा झालाय. तरुणपणी डॅप्सोन या एकाच औषधावर होते, पुढे बहुविध औषधं आली आणि जंतू संपले. पण मेलेल्या नसा परत आल्या नाहीत. बोटं रोगाने सडून गळतात हा समज खोटा आहे. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की संवेदना गेल्यामुळे माणसाला चटका, काटा, घासणं कळत नाही आणि त्या जखमा चिघळून बोटं जातात. म्हणून तर हे रोजचं पाय बघणं, भिजवणं, तेल लावणं. आणि म्हणूनच ती काळ्या मऊ रबराची चप्पल. खोल जखम किंवा ताप असेल तर मात्र घरी हात न लावता सरळ दवाखाना.

२००५ च्या शेवटी देशातून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे नवे रुग्ण आजही सापडतात. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नसेल, तर आशाताईंना सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्यांचे पत्ते फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचे. लघवी लाल होते, ती औषधाने. कातडी काळवंडते, तीही पुढे हळूहळू निवळते. मागच्या वर्षी एका मुलीने लग्न ठरत होतं म्हणून मधेच गोळ्या सोडल्या, सासरच्यांना रंग दिसेल म्हणून. तिच्या आईशी माझी बायको तीनदा जाऊन बोलली. आता पोरीने कोर्स पूर्ण केलाय.

मी सध्या छोटा हत्ती चालवतो. हंगामात संत्रा, एरवी जे मिळेल ते. पैसा पुण्यापेक्षा कमी आहे आणि महिनाअखेरीला ओढाताण होते. गावात माझ्या मागची पोरं आहेत, कोणी भरतीची तयारी करतंय, कोणी तीनदा परीक्षा देऊन घरी बसलंय, लग्नं जमत नाहीत. "काय करून राह्यला" ऐकून ती घरातून बाहेर पडेनाशी झाली आहेत. आमच्या जिल्ह्यात गळफासाची बातमी नवी राहिलेली नाही, त्यामुळे मला त्यांची फार काळजी वाटते. त्यांना मी उपदेश करत नाही. शनिवारी पाणी आणायला ये म्हणतो. दोघं येतात. त्यातला एक पहिल्या दिवशी दारातच उभा राहिला, आता जखम बघून सांगतो की दादा, ही मागच्या आठवड्यापेक्षा भरली.

आबाजींना आता सायकल ढकलवत नाही. नातू गाडीवर बसवून आणतो. उद्या शनिवार. आईने दोन जुनी धोतरं उकळून दोरीवर टाकली आहेत, वाळली की पट्ट्या फाडायच्या आहेत. नऊ नंबरची काळ्या रबराची चप्पल कुठे मिळत असेल तर कळवा, आबाजींची डावी पार झिजली आहे.