वेतोबाच्या गोष्टीला राक्षस कशाला हवा?

गावच्या देवाची गोष्ट दशावतारात, म्हणजे कोकणातल्या आपल्या लोकनाट्यात, आणायची म्हटली की हल्ली पहिला प्रश्न येतो, "ट्रिकसीन कुठला?" ट्रिकसीन म्हणजे करामतीचा देखावा. मग राक्षस येतो, धूर येतो, लाल-निळे लाइट येतात आणि शेवटी वध. मला हे मनापासून खटकतं.

सिंधुदुर्गातल्या आरवली गावच्या वेतोबाचंच घ्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून चपला झिजतात, म्हणून लोक नवसाला त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. यात युद्ध कुठे आहे? पुराणातल्या आख्यानात राजा, राक्षस, शाप, उःशाप सगळं तयार असतं. ग्रामदेवतेच्या गोष्टीत असतात ती आपलीच माणसं. मुंबईला गेलेल्या मुलासाठी नवस बोलणारी आई. भाऊबंदकीत रात्री हद्दीचा दगड सरकवायला निघालेला भाऊ. त्या भावाला अंधारात चपलांचा आवाज येतो. बस्स, पखवाजावर एकेक जड थाप पडू दे, देव रंगमंचावर आलाच नाही तरी चालेल! बाकड्यावर चपलांचा एक जोड ठेवा, टाचेकडे झिजलेला, तळाला माती लागलेला. माझ्या मते एवढ्याने पुरी जत्रा जागी राहील.

आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने घातलेलं साकडं! "बा देवा म्हाराजा…" म्हणताच समोर बसलेला सगळा गाव "व्हय म्हाराजा!" म्हणणार, कोणी शिकवावं लागणार नाही. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत होणाऱ्या नाटकालाच हे जमतं. बंदिस्त नाट्यगृहात असा प्रतिसाद मागून मिळत नाही.

ट्रिकसीनला गर्दी होते, दशावतारी नाटक कंपनीचं पोट त्यावर चालतं, हे मला मान्य आहे. कंपन्यांना मी दोष देत नाही. पण सुपारी देणारे, म्हणजे पैसे देऊन नाटक ठरवणारे, आपणच ना? मागणीच आपण बदलली तर?

एक कळकळीची विनंती आहे देवस्थानच्या मंडळींना. छापील संहिता कलाकारांच्या हातात देऊ नका. दशावतारी कथानक ठरवून घेतो आणि संवाद उभ्या उभ्या बोलतो, तीच त्याची विद्या आहे. पाठ केलेली वाक्यं दिलीत तर ती विद्या त्या रात्रीपुरती बंद पडते. त्याऐवजी त्यांना दुपारीच बोलवा, मानकऱ्यांकडून, म्हाताऱ्या बायकांकडून गोष्ट ऐकू द्या. ती आई देवाशी कशी भांडेल, ते स्त्रीपार्ट करणारा माणूस रात्री उभा राहिला की बरोबर बोलेल.