गाणं ऐकायला जाताना खिशात कांदा ठेवा

मे महिना, जळगाव आणि मोकळ्या मैदानावर गाण्याचा कार्यक्रम, या तीन गोष्टी एकत्र आल्या की जास्त विचार करायचा नाही, तिकीट काढून टाकायचं. विचार करणारे लोक कूलरपुढं बसून आमरस ओरपतात आणि त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. मी गेलो होतो. कोणाच्या कार्यक्रमाला ते सांगत नाही, कारण त्यांचे फॅन लै आहेत आणि त्यातला एक मी आहे, अजूनही आहे.

आता काही लोक म्हणतील की याच शहरात बालगंधर्वांच्या नावाचा संगीत महोत्सव होतो तो जानेवारीत, स्वेटर घालून आरामात बसता येतं, मग हे मे महिन्यात कशाला. अहो ते शास्त्रीयवाले, त्यांना कॅलेंडर वाचता येतं. आपलं तसं नाही. आपल्याकडं आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया झाली, पोरी माहेरी आल्या, पोरांना सुट्ट्या लागल्या की गर्दी आयती मिळते, आणि गर्दी मिळते म्हटल्यावर ऊन बघतो कोण.

तर आधी तिकीट. सगळ्यात स्वस्तातलं तिकीट ४९९ ला होतं, आणि हा आकडा काय आयोजकांना स्वप्नात आला नाही, पाचशेच्या वर तिकीट गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी बसतो म्हणून एक रुपया आपल्यावर उपकार केलेला असतो. तो उपकार मग कन्व्हिनियन्स फी म्हणून परत घेतात. ही फी कसल्या सोयीची ते मला मैदानावर पाच तास शोधून सापडलं नाही. तुम्ही मात्र ४९९ वर थांबू नका, गोल्ड घ्या. आम्ही गोल्डच घेतलं. जळगावचं सोनं चोख असतं हे मुंबईपर्यंत लोक सांगतात, म्हणून मी पण भरवशानं घेतलं, तर गोल्ड म्हणजे सिल्व्हरच्या पुढं एक आडवा बांबू निघाला. बांबूच्या अलीकडं गोल्ड, पलीकडं सिल्व्हर, ऊन दोघांना सारखं. साडेपाचच्या सुमाराला सिल्व्हरवाले बांबूखालून वाकून आले आणि मग सगळेच गोल्ड झालो.

गेट चारला उघडणार म्हणून आम्ही साडेतीनलाच निघालो, मी, बायको आणि मेहुणा. खाली शेजारच्या काकू ओट्यावर कुरडया वाळवत होत्या, त्या म्हणाल्या, "बापू, कायले इतके पैसे घालता? रातच्याला आमच्या गच्चीवरून सम्दं आयकू येईन." मी नुसता हसलो. म्हाताऱ्या माणसाला लाइव्ह म्हणजे काय ते कसं समजावणार.

त्या दिवशी पारा ४४ ला होता. मैदानी भागात ४५ झालं की हवामान खातं सरळ उष्णतेची लाट म्हणतं, म्हणजे आमच्या दिवशी लाट नव्हती, नुसतं ऊन होतं, आणि नुसत्या उन्हाला घाबरायला आपण काय पुण्याचे आहोत का. तरी तयारी पाहिजे. बायकोनं सनकोट घातला, डोक्याला स्कार्फ गुंडाळला, वर गॉगल, म्हणजे मैदानावर तिच्यासारख्या दिसणाऱ्या किमान दोन हजार बायका होत्या आणि मी दोनदा भलत्याच बाईला "अगं इकडं" म्हटलं. मी पांढरा रुमाल बांधला. आणि आईच्या सांगण्यावरून तिघांनी खिशात एकेक कांदा ठेवला, कारण खिशात कांदा असला की ऊन लागत नाही हे आपल्याकडं शेंबडं पोरगं पण जाणतं.

गेटवर काळ्या टीशर्टातला एक बाउन्सर होता, परजिल्ह्यातला असणार. त्यानं मेहुण्याचा खिसा चाचपला.

"ये क्या है?"

"कांदा."

"अंदर फूड अलाउड नहीं."

"अहो हा खायचा नाही, उन्हाचा आहे."

तो माझ्याकडं असा बघायला लागला की आम्ही तिघांनी निमूट कांदे काढून दिले. टेबलाखाली क्रेट होतं, त्यात आधीच पाच-सहा किलो कांदा जमलेला, म्हणजे आम्ही काय पहिले नव्हतो. पाण्याच्या बाटल्या तिथंच काढून घेतल्या, झाकणासकट. आत वीसची बाटली पन्नासला होती आणि तिच्यात चहापत्ती टाकली असती तर चहा झाला असता, पण तक्रार करू नका, तेवढ्यासाठी पाऊण तास रांगेत उभं राहायला मिळतं आणि रांगेत ओळखी होतात. मला पारोळ्याचा एक भाऊ भेटला, कपाशीचं बियाणं, पाऊस, सोयरिकी सगळं बोलून झालं तरी आमचा नंबर आला नव्हता. यूपीआय चालत नव्हतं हे तर सांगायलाच नको, सगळ्यांचे फोन आकाशाकडं, गोल गोल फिरतंय, मागचा ओरडतोय "कॅश द्या ना भो".

एक गोष्ट तेवढी खरीखुरी सांगतो, लिहून ठेवा. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. याची पुडी घरून न्या, सनकोटाच्या आतल्या खिशात ठेवा, बाउन्सरला ती दिसत नाही. बायकोनं नेली होती म्हणून मी आज हे लिहायला शिल्लक आहे.

तिकिटावर कार्यक्रम सहाचा होता. सहाला ऊन समोरून डोळ्यात येत होतं, कारण स्टेज कोणीतरी हुशारीनं पश्चिमेला बांधलेलं, म्हणजे स्टेजच्या पाठीमागं सूर्य आणि त्याच्यासमोर आपण. सूर्य मावळायला सात वाजतात. तोवर स्टेजकडं पाहिलं तर नुसतं पांढरं दिसायचं. मंडप होता, नाही असं नाही, पण तो पुढच्या सोफ्यांवर. सोफे पण होते, प्रत्येक सोफ्याला पांढरं कव्हर, पुढं मोठा कूलर, त्यात वाळ्याचा वास सुटलेला, आणि त्यावर सव्वासातपर्यंत एकही माणूस नव्हता. दहा हजार लोक उन्हात उभे आणि रिकामे सोफे सावलीत गार होत बसलेले. फोटो काढायला पाहिजे होता, पण फोन बंद पडला होता. महागातल्या फोनच्या कंपनीनं लिहून ठेवलंय म्हणे की हा फोन ० ते ३५ अंशांतच वापरावा, म्हणजे आपल्याकडं तो दिवाळीनंतर चालू करायचा आणि होळीला बंद करून कपाटात ठेवायचा.

साडेसातला सोफ्यांवरची माणसं आली आणि गायक स्टेजवर आले. मैदान नुसतं उसळलं, माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आणि मग निवेदक म्हणाला, "तत्पूर्वी."

मित्रांनो, जळगावात कार्यक्रमाला जायचं असेल तर "तत्पूर्वी" या शब्दाची मनाची तयारी ठेवा. तत्पूर्वी दीपप्रज्वलन. वारा सुटलेला, समई पेटेना, आठ काड्या गेल्या, त्या मी मोजल्या. तत्पूर्वी प्रमुख पाहुण्यांचा परिचय. तत्पूर्वी सत्कार. गायकाला शाल घातली. मग दुसऱ्यांनी शाल घातली, कारण पहिली शाल दुसऱ्या गटाची होती. मग तिसरी. सात शाली झाल्या, एकावर एक, ४४ चा दिवस, जमीन अजून वाफा सोडतेय आणि त्या माणसाच्या अंगावर काश्मीरची सोय. वर फेटा. वर केळीचा घड, आख्खा, तो दोघांनी धरून आणला आणि फोटोसाठी त्यांच्या हातात दिला. त्यांचा चेहरा मोठ्या पडद्यावर दिसत होता. मी इतक्या वर्षांचा फॅन, पण त्यांच्या इतक्या जवळ मी कधी गेलो नव्हतो जेवढा त्या पाच मिनिटांत गेलो, घाम दोघांचा सारखाच गळत होता. त्यांच्या मागं वाद्यवाले परत परत सूर लावत होते, उन्हानं बासरी चढते आणि गिटारच्या तारा उतरतात, तेव्हा सत्कार संपेपर्यंत ती दोघं एकमेकांपासून चांगलीच लांब गेली असतील.

मग भाषणं. त्याबद्दल काय लिहू, तीन झाली.

पावणेनऊला पहिलं गाणं. गायक माइकवर आले आणि ओरडले, "कैसे हो जलगाँव!" आता ळ येत नाही त्यांना, समजू शकतो, पण जल म्हणजे पाणी आणि तेच एक मैदानावर नव्हतं, त्यामुळं मागून कोणीतरी जोरात ओरडलं, "जल कुठंय भो?" हा दिवसातला सगळ्यात चांगला डायलॉग, तो तिकिटात नव्हता.

आम्ही गोल्डच्या शेवटच्या टोकाला, स्टेजपासून अंदाजे तीनशे मीटर. तिथं एक शास्त्रीय अनुभव फुकट मिळतो. आवाज सेकंदाला साडेतीनशेक मीटर जातो, म्हणजे पडद्यावर गायकाचे ओठ हलतात आणि आवाज पाऊण-एक सेकंदानं येतो. पुढचे टाळ्या वाजवतात, मग मधले, मग आपण, आणि आपली टाळी परत पुढं पोचेपर्यंत गाणं अंतऱ्यावर गेलेलं. एवढ्या मोठ्या मैदानावर मध्ये मध्ये वेगळे स्पीकर लावून त्यांचा आवाज मुद्दाम तेवढा मागं ठेवतात म्हणजे सगळ्यांना जुळून ऐकू येतं, पण ते पैसे बहुतेक शालीत गेले. माझ्या शेजारी भुसावळचा एक पोरगा होता, त्यानं यावर स्वतःच उपाय काढला, तो गायकाच्या आधी गायचा. सगळी गाणी पाठ, आवाज म्हणजे मालगाडीचा ब्रेक. माझा फोन थंड होऊन चालू झाल्यावर मी नऊ व्हिडिओ काढले, नऊच्या नऊ व्हिडिओत तोच गातोय. आता घरी ऐकून ऐकून मला तो आवडायला लागलाय, मूळ गाणं लागलं की काहीतरी कमी वाटतं.

तिसऱ्या गाण्याला आमच्या पुढं एक पोरगी खाली बसली ती उठेचना. चक्कर. चारला येऊन उभी होती बिचारी, पाणी संपलेलं. आजूबाजूच्या बायकांनी सनकोट काढून धरले, वारा घातला, आमची साखर-मिठाची बाटली तिला दिली. रुग्णवाहिका होती मैदानावर, पण तिच्या पुढं सोफ्यांवरच्या माणसांच्या गाड्या लावलेल्या आणि ड्रायव्हर गाणं ऐकायला गेलेले. शेवटी तिच्या भावानं तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून नेलं. बरी आहे म्हणे, दोन दिवस सलाईन लागलं. पुढच्या सोफ्यांवर तोवर शेवभाजीची पाकिटं वाटायला सुरुवात झाली होती, वास मागपर्यंत आला.

साडेनऊनंतर खरी मजा सुरू झाली. वाऱ्याचा चटका कमी झाला, तापीच्या अंगाकडून गार झुळूक यायला लागली, गायकांनी शाली केव्हाच फेकल्या होत्या, आवाज मोकळा सुटला, लोक नाचायला लागले, बायको पण नाचली. मला घसा कोरडा पडल्यानं राहवेना म्हणून म्हटलं आत्ता रांग कमी असेल, पटकन पाणी घेऊन येतो. गेलो. रांगेत उभा असताना मागून प्रचंड आरडाओरडा ऐकू आला, शिट्ट्या, काहीतरी भारी झालं होतं, पण जनरेटरच्या बाजूला उभं असल्यानं काय ते कळेना. बाटली घेऊन परत आलो तर दहा वाजलेले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा नियम देशात २००० सालापासून आहे. वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण ते दिवस गणपती-नवरात्रासारख्या सणांचे, आमच्या शनिवारचे कोण धरणार. पोलीस साहेब स्टेजवर चढले, गायकांनी हात जोडले, माइक गेला. हवा आत्ता कुठं बसण्यासारखी झाली होती.

राहिलं पार्किंग. ते नांगरलेल्या शेतात होतं. आपली काळी जमीन मे महिन्यात अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. मेहुण्यानं अंधारात गाडीची किल्ली काढली आणि ती बरोबर भेगेत पडली. "दाजी, दिसून राहिली बघा, पण हाताला लागत नाही." टॉर्च लावून आम्ही तिघं पालथे, केसातली पिन वाकवून बायकोनं साडेअकराला किल्ली काढली. त्या वेळेत बाकी सगळ्या गाड्या निघून गेल्या, म्हणून आम्हाला ट्रॅफिक अजिबात लागलं नाही. तेव्हा किल्ली भेगेत पाडा, फायद्याचं असतं.

घरी आलो तर काकू गच्चीवर जाग्याच. गाद्या घातलेल्या, पाणी शिंपडलेलं, उशाशी माठ, शेजारच्या चार बायका, कैरीचं पन्हं झालेलं. वरूनच विचारलं, "कसं झालं बापू?"

"एक नंबर!" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"आणि ते आखरीचं? अहिराणीत म्हटलं त्यायनं ते? मले तर रडूच आलं बापा, माही माय म्हणायची तसंच म्हटलं आखाजीचं गाणं. तुम्ही तर पुढीच असशान."

मी बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली, हो, म्हटलं होतं. मी जनरेटरपाशी पन्नासची बाटली घेत होतो तेव्हा.

तर पुढच्या मे मध्ये परत कार्यक्रम आहे म्हणतात. तुम्ही जाच. गोल्ड काढा, चारला जा, काकूंच्या गच्चीचा विचार पण मनात आणू नका. तिथं सहाच गाद्या मावतात आणि त्यातल्या तीन आम्ही आत्ताच सांगून ठेवल्यात.