काकीचे दीड लाख आणि बँकेखालचं भुयार

परवा रात्री काकीचा फोन. "अगो, तेवढो फॉर्म भरून दी गो माका. उद्या शेवटची तारीख आसा."

कसला फॉर्म, तर आमच्या बाजारपेठेतल्या जुन्या बँकेचा. सध्या तळकोकणात एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की ही इमारत 400 वर्षांपूर्वी डचांनी बँक म्हणून बांधली. तिची तिजोरीची खोली 1969 पासून उघडलेली नाही. आतून समुद्रापर्यंत भुयार आहे. राष्ट्रीयीकरणात सरकारने खातेदारांचे पैसे गिळले, आणि आता कोर्टाच्या हुकुमाने जुनं पासबुक दाखवणाऱ्या वारसांना 500 पट रक्कम मिळणार आहे. नोंदणी फी फक्त 1,100 रुपये. सोबत आधारचा फोटो. शिवाय, हायवेसाठी इमारत पाडणार आहेत, तेव्हा त्वरा करा.

मला तो चार जणांनी पाठवला. चौथा माझा मावसभाऊ, शिकलेला इंजिनियर.

आधी पैशांचं बोलते, कारण काकीने शेजारच्या मुलाला फी पाठवायला सांगूनही झालं होतं. त्याच्या मोबाइलला रेंज नव्हती म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ट्रंकेतून काढलेलं, कापडी पाठीचं, कसरीने कोपरे खाल्लेलं पासबुक. पहिल्या पानावर आजोबांचं नाव मोडीच्या वळणाच्या अक्षरात. काकीने फोटो काढला होता तो या पानाचा. शेवटच्या पानावरचा आकडा तिने पाहिला, पण बाकीचं वाचायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. तिथे 1978 सालची नोंद आहे, 312 रुपये 40 पैसे काढल्याची, पुढे शिल्लक निरंक, आणि त्यावर आडवा शिक्का: खाते बंद. म्हणजे आजोबांनी पैसे कधीच उचलले होते. बहुतेक आत्याच्या लग्नात गेले. काकीने याच आकड्याला 500 ने गुणून दीड लाख काढले होते.

समजा, खातं चालू राहिलं असतं. 4 टक्के चक्रवाढ धरली तर 312 रुपयांचे 45 वर्षांत जेमतेम 1,800 होतात. 500 पट व्हायला इतकी वर्षं सलग जवळजवळ 15 टक्के व्याज लागेल. बचत खात्यावर एवढं व्याज देणारी बँक सापडली तर मलाही कळवा.

आता राष्ट्रीयीकरण. 19 जुलै 1969 ला 14 मोठ्या बँका सरकारने घेतल्या, त्यात आमची बँकही होती. बदलला तो मालक. जुन्या बँक कंपन्यांच्या हातून बँकेचा धंदा गेला, त्याची त्यांना भरपाई झाली. खातेदाराचं खातं, ठेव, लॉकर, सगळं जागच्या जागी राहिलं. आजोबांनी त्याच पासबुकावर 1978 पर्यंत व्यवहार केला, यापेक्षा मोठा पुरावा काय द्यायचा? कोर्टाचं शेपूट मात्र अगदीच हवेतून आलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 1970 मध्ये राष्ट्रीयीकरणाचा कायदा खरंच रद्द केला होता. पण दावा एका भागधारकाचा होता, खातेदारांचा नव्हे, आणि सरकारने काही दिवसांतच नवा वटहुकूम काढून बँका आपल्याकडेच ठेवल्या.

आणि हो, विसरलेल्या ठेवी असतात, हे खरं आहे. 10 वर्षं हात न लागलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तरी वारसाला ती आपल्या बँकेकडून मागता येते. शोधायला रिझर्व्ह बँकेनेच 2023 मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलंय. तिथे शोधायला एक पैसा लागत नाही. 1,100 रुपये मागणारा आणि आधारचा फोटो मागणारा रिझर्व्ह बँकेचा माणूस नसतो. एवढं वाक्य तरी पुढे पाठवा.

तिजोरीची खोली "1969 पासून बंद"? अहो, बँक त्या इमारतीत 1990 च्या पुढेपर्यंत होती! मी लहानपणी पितळी टोकन मुठीत धरून तिथे बाकावर बसलेय. जाळीमागे कॅशियर, वरच्या मजल्यावर मॅनेजरचं बिऱ्हाड, जिन्यातून फोडणीचा वास. बँक एसटी स्टँडजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये गेली, मग तिथे काजूचं गोदाम झालं, मग शिकवणी, आणि आता बरीच वर्षं गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, आहे. तिजोरीच्या खोलीत शाडूची माती असते, कारण दीड हात जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीत ती ओलसर राहते. लोखंडी दार बिजागरीवर गंजून अर्धं उघडं अडकलंय, गणपती आणायला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. तरी मेसेज आल्यावर कुणीतरी रात्री पहार घेऊन आत शिरलं आणि कोपऱ्यातली फरशी उखडून गेलं. खाली नुसता जांभा खडक. मूर्तिकाराचे दोन साचे मात्र फुटले.

भुयाराबद्दल काय बोलायचं? जांभा चाळणीसारखा पाणी झिरपवतो. आषाढात आमच्या विहिरी काठापर्यंत येतात. त्या जमिनीत समुद्राच्या पातळीपर्यंत कोरलेल्या भुयारातून खजिना नाही, मासे निघतील.

डचांची वखार वेंगुर्ल्यात होती, 17 व्या शतकातली, भिंती अजून उभ्या आहेत. पण ती वखार, बँक नव्हे, आणि ती वेंगुर्ल्यात, आमच्या बाजारात नव्हे. आमच्या इमारतीच्या दारावरच्या लाकडी पट्टीवर शके 1855 कोरलंय. ऑइलपेंटचे थर चढल्यामुळे दिसत नाही, बोटाने चाचपलं की लागतं. म्हणजे 1933 च्या आसपास. एका व्यापाऱ्याने पेढीसाठी बांधली, बँक नंतर भाडेकरू म्हणून आली.

हायवे इथून बराच लांब आहे, तेव्हा त्यासाठी कोणी पाडणार नाही. पडली तर आपोआप पडेल. उत्तरेच्या वळचणीची मंगलोरी कौलं दोन पावसाळे सरकलेली आहेत, वाशांना वाळवी लागलीय, आणि मालक भाऊबंद मुंबईत वाटण्यांवरून भांडतायत. कुणाला 1,100 रुपये द्यायचेच असतील तर मूर्तिकाराकडे द्या. मे महिन्यात तेवढी बाजू शाकारून घेईन म्हणतोय.